भोपळ्याची शिकवणी

६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला शिक्षा लागली आणि तुझा भोपळ्या माझ्याकडे आला, त्याला तीन आठवडे झाले. तू म्हणाला होतास, गरीब जनावर आहे, कोपऱ्यात पडून राहील. पडून राहतो हे खरं, पण त्याला स्वयंपाकघराच्या दारातलाच कोपरा लागतो, आणि ते अवाढव्य धूड ओलांडून मला दिवसातून पन्नास वेळा ये-जा करावी लागते. पिल्लू असताना गोल गरगरीत होता म्हणून तू भोपळ्या म्हणालास ते ठीक. आता जिन्यात हाक मारली की शेजारी हसतात, आणि तो दारातून बाहेर आला की हसायचे थांबतात.

माझ्याशी वागणं मात्र दृष्ट लागावी असं. हॉटेलच्या धुलाईखान्यातून दमून आले की माझ्या पावलांवर डोकं टाकून बसतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी दाबून आलेल्या बाईचे पाय कुणीतरी दाबतंय, हे सुख काही वेगळंच.

अडचण यांची आहे. भोपळ्या यांच्यावर गुरगुरतो. दुसऱ्या कुणावरही नाही. हे जरा मोठ्यांदा बोलायला लागले की उठतो, माझ्या आणि यांच्या मधोमध येऊन उभा राहतो आणि सुरू. आवाज असा, की मांडणीवरच्या कपबश्या थरथरतात. यांचं म्हणणं, आपल्याच घरात आपल्याला बोलायची चोरी. तेही बरोबरच आहे. यांनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर एकदा जरी गुरगुरला तर जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शन द्यायचं ठरलंय. यांच्या फर्निचरच्या दुकानाशेजारीच दवाखाना आहे, ओळख आहे.

म्हणून शिकवणारा शोधतेय. एक बाई येऊन गेली. खिशात बिस्किटं घेऊन आली आणि तासभर जमिनीवर मांडी घालून नुसती बघत बसली. मग मला म्हणाली, "तो गुरगुरतो त्याच्या अगदी आधी काय होतं, ते सांगा." उत्तर यांनीच दिलं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मी बाईंना विचारलं." आणि वर म्हणाली, आधी घरातल्या माणसांना शिकवावं लागेल. यांनी दार उघडून धरलं.

तर तूच कुणीतरी सांग. तुझा जीव की प्राण माझ्या घरात मरायला नको. तू सुटून येईपर्यंत सांभाळीन म्हणाले आहे, ते सांभाळीनच.

अक्षर वाकडं आलंय. मनगटाला वाफेच्या इस्त्रीचा चटका बसलाय. पत्र हेच टाकतात पोस्टात. आधी एकदा वाचून घेतात, शुद्धलेखन तपासायला.

तुझी,
ठमी

१९ फेब्रुवारी

ठमे,

पत्र पोचलं. म्हणजे आधी दाजींनी वाचलं, मग इथल्या कचेरीतल्या साहेबांनी वाचून शिक्का मारला, मग मी वाचलं. वर्तमानपत्रसुद्धा एवढी माणसं लावून वाचत नाहीत.

बिस्किटवाल्या बाईला हाकललं ते उत्तम. बिस्किटं दाखवून कुत्रा शिकत असता तर आमच्या गोदामाची बेकरी झाली असती. अठरा वर्षं राखणीचे कुत्रे तयार केले मी. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात पहिलं काम एकच, गुरगुर काढायची. गुरगुरणारा कुत्रा राखणीला काय कामाचा? चोराला आयती वर्दी, की बाबा, मी इथे आहे, तू पळ. मालकाला हवा असतो तो मुका कुत्रा. अंधारात बसेल, चोराला पाऊल टाकू देईल, आणि मग थेट धरील. माझ्या हाताखालच्या एकाही कुत्र्यानं कधी चकार शब्द काढला नाही. फक्त भोपळ्याची काढायची राहिली. तो घरचा, माझाच लाड नडला.

माझ्या हाताखाली शिकलेला एक जण तुमच्या भागात आहे. आम्ही त्याला खिळ्या म्हणायचो. पुढेही तसंच म्हण, त्याला राग नाही. त्याच्याकडे आतून बोथट खिळे असलेला पट्टा असतो. आवाज निघाला की झटका. दुसऱ्यांदा निघाला की पट्टा धरून पुढचे पाय जमिनीवरून उचलायचे आणि तसंच धरून ठेवायचं. श्वासच कोंडला की गुरगुरणार कशानं? तुला बघवणार नाही, पण दहा दिवसांत जनावर वाचेल. मेल्यापेक्षा गळा सोलवटलेला बरा.

गुरगुर निघाली की तीन हुकूम शिकवून घे. बस, थांब, सोड. त्यातला 'सोड' मुख्य. तोंडात काहीही असो, एकदा म्हटलं की जबडा उघडला पाहिजे.

रखवालदाराचं तू विचारत नाहीस, पण तुझ्या मनात असेल. चूक त्याची होती. हुकूम नसताना कुत्र्याच्या पिंजऱ्याचं दार उघडून आत गेला. कोर्टात सांगितलं तेच आजही सांगतो.

दाजींना नमस्कार. शुद्धलेखनात चूक निघाली तर कळवा म्हणावं.

तुझा,
दादा

१५ मार्च

प्रिय दादा,

भोपळ्या वाचला. आधी हे लिहिते म्हणजे पुढचं तुला वाचवेल.

खिळ्या आला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा, मला वहिनी म्हणणारा माणूस. चहा घेतला, तुझी चौकशी केली, तू त्याचा गुरू आहेस असं यांना चारदा सांगितलं. मग इमारतीच्या मागच्या फरशीवर शिकवणी सुरू झाली. यांनी दुकान नोकरावर सोपवलं आणि बसायला खुर्ची खाली नेली.

खिळ्यानं यांना मुद्दाम मोठ्यांदा बोलायला लावलं. भोपळ्या गुरगुरला. झटका. पुन्हा गुरगुरला. खिळ्यानं पट्टा वर ओढला तसा तो मागच्या दोन पायांवर नाचल्यासारखा उभा झाला, जीभ निळी, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल रेघा. पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. खिळ्या म्हणाला, मालकिणीनंच धरलं पाहिजे, नाहीतर कुत्रा शिकतो पण तिचं मानत नाही. मी धरलं. त्यानं माझ्या पावलांवर मुतलं, तरी धरलं. तिसऱ्या दिवशी साखळी चावताना त्याचा सुळा मोडला. पाचव्या दिवसापासून झटका हे स्वतः द्यायला लागले. खिळ्या म्हणाला, साहेबांचा हात चांगला आहे.

नवव्या दिवशी आवाज बंद झाला. हे त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, चपलेनं तोंडावर मारलं, तरी हूं की चूं नाही. पुढचे हुकूम मग भराभर झाले. 'बस' यांचं ऐकतो, माझंही ऐकतो. 'सोड' मात्र माझ्या आवाजात जास्त चांगलं. हाडाला चिकटलेला असला तरी मी एकदा म्हटलं की हाड जमिनीवर. खिळ्या म्हणाला, असा कुत्रा त्याच्या हातून आजवर झाला नव्हता. सगळीकडे सांगत सुटलाय.

आता हे बोलायला लागले तरी भोपळ्या उठत नाही. एकामागून एक जांभया देतो, ओठ चाटतो, मान वळवून भिंतीकडे बघत राहतो. इतका निवांत झालाय की बघतच राहावं. हे खुश आहेत. इंजेक्शनचा विषय संपला.

पत्र डाव्या हाताने लिहिलंय. उजव्या हाताची दोन बोटं धुलाईयंत्राच्या दारात सापडून मोडली. काळजी करू नकोस.

तुझी,
ठमी

२२ मार्च

ठमे,

हे पत्र कचेरीतून आलेलं नाही. आमच्याकडे जो पाव टाकतो तोच पुढे तुमच्या हॉटेलात टाकतो, हे मला परवा कळलं. माणूस भला आहे. उत्तर त्याच्याच हाती दे. घरून लिहू नकोस, घरी वाचू नकोस.

तुझं पत्र मी आधी शेजाऱ्याला मिशीला पीळ देत वाचून दाखवलं. बघ, म्हटलं, माझा चेला. मग जांभयांपाशी आलो आणि पुढे वाचता येईना.

निवांत कुत्रा झोपतो, ठमे. जांभया तो भीतीनं देतो. ओठ चाटतो, मान फिरवतो, हे सगळं तो हात जोडून सांगत असतो, की बाबांनो, आता पुरे. जे तोंडानं सांगायचं ते आपण मारून बंद केलं, म्हणून अंगानं सांगतो. तेही कुणी ऐकलं नाही की चावतो. आधी काही न सांगता चावतो.

हे मला कसं माहीत? रखवालदार दार उघडून आत गेला त्या सकाळी मी समोरच्या खिडकीत चहा पीत उभा होतो. कुत्र्यानं त्याच्याकडे बघून दोनदा जांभई दिली. मी हसलो, म्हटलं, रात्रीची झोप झाली नाही वाटतं गड्याची. पुढच्या घोटाला रखवालदाराचा गळा त्याच्या तोंडात होता. मी धावत पोचेपर्यंत त्या माणसाच्या मानेतून रक्त कारंज्यासारखं उडत होतं आणि तो हातानं ते आत ढकलायला बघत होता. तीन वर्षं मी सांगत आलोय, चूक त्याची. तो रोज त्या कुत्र्याला पाणी द्यायचा. कुत्रा नुसता गुरगुरला असता तर तो मागे सरला असता. ती गुरगुर मी काढली होती, या हातांनी. माणूस मी मारला. हे पहिल्यांदाच लिहितोय.

आणि आता एक विचारतो. आधीच विचारायला हवं होतं, पण भोपळ्या दाजींवरच का गुरगुरतो याचा विचार करण्यापेक्षा मला माझी हुशारी दाखवायची घाई होती. ती बिस्किटवाली एका तासात जे विचारून गेली ते मी सख्खा भाऊ असून विचारलं नाही. मनगट झालं, आता बोटं. तो धुलाईखाना तुलाच एवढा का चावतो?

खरं सांग.

दादा

२५ मार्च

दादा,

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, चादरींच्या गठ्ठ्यामागे बसून. अर्धा तास आहे.

लग्नाला अकरा दिवस झाले होते तेव्हा पहिली कानाखाली बसली. दुकानातून आणलेला खुर्चीचा एक पाय आहे, तो दाराआड उभा असतो. मी कुणाला बोलले नाही. चार वर्षांनी तुला बोलायचं ठरवलं, तेवढ्यात तुझी केस उभी राहिली. मग तुला काय बोलायचं?

भोपळ्या आला आणि पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं हात उचलला, तर हा मध्ये येऊन उभा राहिला आणि गुरगुरला. हात खाली आला. दादा, सात वर्षांत पहिल्यांदा तो हात न मारता खाली आला. ते तीन आठवडे मी घरात गाणं म्हणत होते. मनगट पिरगळलं त्या दिवशी त्यानं भोपळ्याला आधी न्हाणीघरात कोंडलं होतं.

मग त्यानं इंजेक्शनचं काढलं. माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. भोपळ्या गुरगुरत राहिला तर मरणार. गप्प झाला तर मला मार बसणार. मार माझ्या सवयीचा आहे. तुझा एवढा एकच जीव माझ्याकडे ठेवायला दिलेला होता, तो मला घालवायचा नव्हता. म्हणून मी स्वतः पट्टा धरला. तू सांगितलंस म्हणून नव्हे, तेवढं मनातून काढून टाक.

बोटांचं सांगते. त्यानं भोपळ्याला "बस" म्हटलं. तो बसला. मग माझा हात कपाटाच्या दारात धरून दार दाबलं, आणि दाबताना माझ्याकडे नाही, भोपळ्याकडे बघत होता. मी ओरडत होते. भोपळ्या थरथरत भिंतीकडे बघत बसून राहिला. त्यानं दोनदा जांभई दिली. नवऱ्याला खूप हसू आलं.

आता रोज असंच आहे. मारण्याआधी त्याला बसवतो. नुसतं मारण्यात आता त्याची हौस भागत नाही.

घंटा झाली.

ठमी

२८ मार्च

ठमे,

घर सोड. सामान राहू दे. भोपळ्याला घेऊन त्या बिस्किटवालीकडे जा, तिचा पत्ता शोध. तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, ती नाही म्हणणार नाही. आई असती तर तिनं मला आज जोड्यानं मारलं असतं.

तोवर एवढं लक्षात ठेव. जांभई दिसली, अंग ताठ झालं, तोंड मिटलं, की मध्ये जाऊ नकोस. तुलाही चावेल, त्या वेळी तो कुणाला ओळखत नाही. आणि धरलंच त्यानं, तर ओरडायचं नाही. हलक्या आवाजात एकदाच 'सोड' म्हण. सोडेल. माणूस मरू देऊ नकोस. माणसासाठी म्हणत नाही, तुझ्यासाठी म्हणतोय. मी जिथून लिहितोय ती जागा तुला बघायची नाहीये.

दादा

१६ एप्रिल

दादा,

तुझ्यापर्यंत आलं असेलच. वर्तमानपत्रात चार ओळी होत्या. पाळीव कुत्र्याच्या हल्ल्यात गृहस्थाचा मृत्यू.

बिस्किटवालीशी बोलणं झालं होतं. रविवारी ये म्हणाली होती. रविवारी सकाळी मी पलंगाखालून पिशवी काढली आणि मागे वळले, तर तो दारात. पिशवीतली साडी त्यानं पायानं बाहेर काढली. मग दाराआडचा तो खुर्चीचा पाय घेतला. भोपळ्याला म्हणाला, "बस." तो बसला.

पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानावर. कान अजून गच्च आहे. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा मला त्याच्या मागे भोपळ्या दिसला. त्यानं जांभई दिली. मग तोंड मिटलं. तू लिहिलं होतंस अगदी तसं. मला कळलं काय होणार ते. नवऱ्याला सांगता आलं असतं. मी गप्प राहिले.

काही आवाज झाला नाही. फक्त टेबल सरकल्याचा झाला. आधी दंड धरला, तो आडवा झाला तसा मग मान. तो "बस, बस" म्हणत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सांग त्याला." त्याला माहीत होतं, माझं ऐकतो. दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले. घड्याळ समोरच होतं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. दहा वाजून चौदा मिनिटांनी मी 'सोड' म्हटलं, हलक्या आवाजात, एकदाच. त्यानं त्या क्षणी सोडलं आणि जाऊन भिंतीपाशी बसला. फरशीवरचं रक्त माझ्या चपलांखाली आलं होतं. मग मी जिन्यात जाऊन ओरडले.

पोलिसांना सांगितलं, मी खूप ओरडले, त्यानं ऐकलंच नाही. माझ्या अंगावरचे वळ त्यांनी बघितले. बिस्किटवालीनं येऊन जबाब दिला. सगळे माझ्याशी बरे वागले. सगळं तिथेच मिटत होतं.

मिटलं नाही ते खिळ्यामुळे. तो आपणहून पोलिसांकडे गेला. त्याचा धंदा बसायची वेळ आली ना. म्हणाला, मी शिकवलेला कुत्रा बाईच्या एका शब्दावर सोडतो, लिहून देतो, परीक्षा घ्या. साहेबांनी मला बोलावलं आणि चांगुलपणानं विचारलं, "तो म्हणतो ते खरं असेल तर मग त्या दिवशी का नाही सोडलं?"

आता परीक्षा आहे, २६ तारखेला, जिथे भोपळ्याला पिंजऱ्यात ठेवलंय तिथे. हातावर जाड गादी बांधलेला माणूस काठी उगारणार, भोपळ्या धरणार, मी पट्टा धरून उभी राहून 'सोड' म्हणायचं. सोडलं, तर कुत्रा हुकमात आहे म्हणून त्याला मारणार नाहीत. बिस्किटवाली न्यायला तयार आहे. आणि मग ती चार मिनिटं माझ्या माथी येतील. नाही सोडलं, तर मी सांगितलेलं खरं ठरेल आणि त्याला दुसऱ्याच दिवशी इंजेक्शन.

तो सोडणार, दादा. माझं तो ऐकतोच.

मला ती चार मिनिटं वाईट वाटत नाहीत. मी प्रयत्न करून बघितला वाईट वाटायचा. वाईट वाटतं ते फक्त भोपळ्याचं. खरं सांगून मोकळी होऊ का? कुत्रा तुझा आहे. तू सांग, मी तसं करीन.

ठमी

१८ एप्रिल

ठमे,

खरं सांगून कुणीही मोकळं होत नाही. इथे माझ्या आजूबाजूला सगळे खरं सांगितलेलेच बसलेत.

नीट वाच आणि वाचून चुलीत घाल.

कुत्र्यानं धरलेलं असताना पट्टा मागे ताणला, तर तो कधीही सोडत नाही. कितीही शिकवलेला असो. मागून ओढ बसली की जबडा आपोआप आणखी मिटतो. म्हणून आम्ही सोडवताना पट्टा ढिला टाकायचो आणि मग हुकूम द्यायचो. खिळ्याला हे नुसतं हातानं येतं, असं का ते त्याला माहीत नाही. मी कधी सांगितलं नव्हतं. एवढी एक गोष्ट मी स्वतःपाशी ठेवली होती, नाहीतर उस्ताद म्हणवून घ्यायला शिल्लक काय राहतं.

तर पट्टा मनगटाला दोन वेढे घाल. कोपर अंगाशी घट्ट धर, म्हणजे लांबून ताण दिसणार नाही. तोल सांभाळतेयस असं दाखवून एक पाय मागे टाक. मग म्हण. तीन-चार वेळा म्हण, मोठ्यांदा, रडव्या आवाजात. तो सोडणार नाही. त्याला सोडायचं असेल, पण सोडता येणार नाही. साहेब लिहून घेईपर्यंत ताण कमी करू नकोस.

तो माझा कुत्रा आहे म्हणालीस ना. मग ठरवणार मी. त्याला मी बाटलीनं दूध पाजलंय, माझ्या सदऱ्यात झोपायचा. इथे दिवस काढले ते तो तुझ्या दारात वाट बघत असेल एवढ्यावर. तरी सांगतो. त्यानं तुला वाचवलं, आता तू स्वतःला वाचव. त्याला विचारता आलं असतं तर तोही हेच म्हणाला असता, असलं काही मी लिहिणार नाही. तो जगायचंच म्हणाला असता. हे पाप माझं आहे, आधीच्यासारखंच. तू फक्त हात दे.

दादा

२७ एप्रिल

प्रिय दादा,

झालं. तू सांगितलंस तसंच केलं.

फरशीचं मोठं अंगण होतं, तिन्ही बाजूंनी पिंजरे. साहेब, एक जनावरांचे डॉक्टर आणि वही घेऊन एक कारकून. खिळ्याला फाटकाबाहेर उभं केलं होतं. भोपळ्याला आणलं तेव्हा मी ओळखलंच नाही, इतका उतरला होता. त्यानं मला ओळखलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत पहिल्यांदा शेपूट हललेली बघतोय.

गादीवाल्यानं काठी माझ्यावर उगारली. भोपळ्या काही न बोलता गेला आणि त्याचा हात धरला. मी दोन वेढे घातले, कोपर आवळलं, पाय मागे टाकला. मोडलेली बोटं अजून नीट मिटत नाहीत, तरी धरलं. "सोड," म्हटलं. त्याचा कान माझ्याकडे वळला. जबडा सुटत नव्हता. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. तो तोंडातलं न सोडता डोळे फिरवून माझ्याकडे बघायला लागला, आणि त्याचं सगळं अंग थरथरत होतं. पट्ट्यातून ते थरथरणं माझ्या खांद्यापर्यंत येत होतं. पाचव्यांदा म्हणताना मला खरंच रडू फुटलं, तेवढ्यापुरतं नाटक करावं लागलं नाही.

साहेब म्हणाले, "पुरे, बाई." कारकुनाला सांगितलं, लिहा, हुकूम मानत नाही. मला म्हणाले, "तुम्ही सुटलात, आता घरी जा." मग डॉक्टर आणि साहेब सह्या करायला पाठ वळवून टेबलाकडे गेले.

माझ्या हातातलं बळच गेलं, दादा. पट्टा ढिला पडला. मी काही बोलले नव्हते. भोपळ्यानं त्या क्षणी हात सोडला, दोन पावलं मागे आला आणि माझ्या समोर बसला. अगदी खिळ्यानं शिकवलं होतं तसा, पाठ ताठ, पुढचे पाय जुळवून. आणि वर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. उशीर झाला पण जमलं, असं. शेपूट फरशीवर हलत होती.

डोक्यावर हात ठेवून शाब्बास म्हणायला हवं होतं. पण कारकून अजून आमच्याकडे बघत होता. मी पट्टा गादीवाल्याच्या हातात दिला आणि फाटकाकडे चालत गेले. आज सकाळी नऊला त्याला इंजेक्शन दिलं. मला आत येऊ देत होते. मी गेले नाही.

ठमी